शॉकअपचं तेल

गेवराईत मोटारसायकलच्या कुठल्याही गॅरेजसमोर तासभर थांबलात, तर "पुढचं तेल गळायलंय" हे एकदा तरी कानावर पडणारच. गिऱ्हाईक बोट लावून दाखवतं. पुढच्या चाकाच्या दोन नळ्यांपैकी एकीवर तेलाची ओली कड, तिला चिकटलेली धूळ आणि दोन्ही कालवून तयार झालेला काळा राप. मिस्त्री ब्रेक दाबून हँडलवर भार देतो. नळी आत जाते आणि फस्सकन वर येते. "सील गेलं," एवढं सांगून तो पाना शोधायला वळतो.

मोबाइलवर डोंगरउतारांवरून झेपावणारे माउंटन बाइकवाले आपण सगळेच बघतो. त्यांच्या सायकलीचा नुसता पुढचा फोर्क कधीकधी आपल्याकडच्या नव्या शंभर सीसी गाडीच्या किमतीला जातो. तरी तो फोर्क आणि गेवराईतली ही रापलेली नळी एकाच घराण्यातली आहेत, आणि त्यात मोटारसायकल वडीलधारी. तेलाचा दाब वापरणारे दुर्बिणीसारखे सरकते फोर्क बीएमडब्ल्यूनं १९३५ मध्ये आर १२ या गाडीला बसवून बाजारात आणले. डोंगरी सायकलीला तशी सोय मिळायला पुढं अर्धं शतक लागलं. पॉल टर्नर हा होंडाच्या मोटोक्रॉस शर्यतींत मेकॅनिक म्हणून काम केलेला अमेरिकन. त्यानं १९८९ च्या सुमाराला रॉकशॉक्स कंपनी काढली आणि मोटारसायकलच्या फोर्कचीच विद्या सायकलीत उतरवली. त्या पहिल्या फोर्कची चाल जेमतेम ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांच्या आत-बाहेर होती. तेव्हाच्या सायकलवाल्यांनी त्याला नावं ठेवली: जड आहे, नखरे आहेत, खरा गडी हातानंच धक्के घेतो. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या दुरांगोला डोंगरी सायकलची जागतिक स्पर्धा झाली. तिथं उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डनं याच फोर्कवर जिंकली, आणि नावं ठेवणाऱ्यांचा आवाज बसला. आज उताराच्या शर्यतीतल्या फोर्कची चाल २०० मिलिमीटरपर्यंत असते.

आता गेवराईकडं. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी, पोटातून जायकवाडीचा उजवा कालवा, आणि मधोमध सोलापूर-धुळे महामार्ग. महामार्ग चौपदरी झाल्यापासून बीडला किंवा संभाजीनगरला जाताना शॉकअप आहे की नाही, हे आठवायचंही कारण उरलेलं नाही. ते आठवतं महामार्ग सोडल्यावर. उमापूर, चकलांबा, तलवाडा, राक्षसभुवन, कुठंही वळा. या भागाची काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावरचं डांबर वर्षाकाठी खालीवर होत राहतं, म्हणून खड्डे नसलेल्या रस्त्यालाही लाटा येतात. त्यात वाळूचे टिप्पर आणि उसाच्या ट्रॉल्या. शनि अमावस्येला राक्षसभुवनला डबलसीट जाणाऱ्याला विचारा, तो खड्ड्यांपेक्षा लाटांना जास्त वैतागलेला असतो. खड्डा दिसतो, चुकवता येतो. लाट अंगाखालून जाते.

शॉकअप चांगला की वाईट, हे नेमकं या लाटेवर कळतं. नळीत मुख्य गोष्टी दोनच, स्प्रिंग आणि तेल. चाक दगडावर चढलं की स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. पण स्प्रिंगकडं ठेवून घ्यायचा गुण नाही, घेतलेलं सगळं ती लगेच परत करते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी सोडली, तर एका लाटेवर ती तीन-चारदा उड्या मारील, आणि तिसऱ्या उडीला दुसरी लाट आली की हँडल हातात राहणार नाही. तिथं तेल उपयोगाला येतं. नळी वर-खाली होताना तेलाला बारीक भोकांतून जावं लागतं. इंजेक्शनची पिचकारी हळू दाबली तर सहज चालते, जोरात दाबली तर अडते, तसाच हा प्रकार. हळू हालचालीला तेल वाट देतं, झटक्याला विरोध करतं आणि धक्क्याची ताकद उष्णतेत जिरवतं. आपल्याकडच्या शंभर सीसी गाडीत हे सगळं काम एका नळीतलं दोनशे मिलिलिटरपेक्षाही कमी तेल करतं. लोक इंजिन ऑइलच्या तारखा डायरीत लिहून ठेवतात. शॉकअपमध्ये तेल असतं, हे मात्र त्यांना ते गळायला लागल्यावर कळतं.

या नळ्या येतात कुठून? बऱ्याचशा इथून साधारण शंभर किलोमीटरवरून. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, ॲल्युमिनियम डायकास्टिंगचा छोटा उद्योग काढला. त्याचीच पुढं एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज झाली. आज दुचाकींचे शॉकअप बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांत तिची गणना होते, आणि केटीएमसारख्या गाड्यांचे उलटे फोर्क ती ऑस्ट्रियाच्या डब्ल्यूपी कंपनीच्या तंत्रज्ञानानं बनवते. उलटे म्हणजे जाड नळी वर आणि बारीक, चकचकीत नळी खाली. गेवराईत कॉलेजच्या पोरांना या उलट्या फोर्कचं फार वेड. वाळूजच्या कारखान्यांत कामाला जाणारी मराठवाड्यातली पोरं हेच शॉकअप जोडतात आणि सुट्टीला त्याच गाडीवर गावी येतात. एमआयडीसीतून निघालेला माल बैलगाडीच्या चाकोरीत कसा वागतो, याची चाचणी आपसूक होते. कंपनीला तिचा अहवाल मात्र कुणी पाठवत नाही.

पाठवला असता, तर त्यात काय असतं? दूधवाल्याचं म्हणणं सगळ्यात नेमकं. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंना कॅन, पहाटे भरलेले आणि परतताना रिकामे. तो सांगतो, "भरली गाडी गुमान चालती, रिकामी नाचायली." हे अगदी बरोबर आहे. भार मागच्या चाकावर असताना पुढचं हलकं होतं, सीटवर रेलल्यासारखी गाडी जाते. कॅन रिकामे झाले की पुढची थकलेली स्प्रिंग आणि पातळ झालेलं तेल उघडं पडतं. झेडपीच्या शाळेवर रोज येणं-जाणं करणाऱ्या गुरुजींची तक्रार मनगटांची आहे. बाकीच्यांची तक्रार "खडखड" या एका शब्दात मावते, आणि फसगत नेमकी इथंच होते. खडखड करणाऱ्या बऱ्याच गाड्यांत शॉकअप ठणठणीत असतो, हँडलखालचा कोनसेट सैल झालेला असतो. पुढचं चाक जमिनीपासून उचलायचं, शॉकअपची खालची टोकं धरून पुढंमागं ओढायची. तिथं कट्कट् लागली तर दोष कोनसेटचा. हुशार मिस्त्री आधी हे बघतो. दुसरे आधी शॉकअप खोलतात, कारण त्यात मजुरी जास्त.

खोललेला शॉकअप एकदा तरी जवळून बघावा. तळाचा नटबोल्ट सुटला की तेल पत्र्याच्या डब्यात पडतं. मूळचं तेल पारदर्शक, हे मात्र राखाडी, आणि डबा उन्हात तिरका धरला तर त्यात धातूचा बारीक चुरा चमकतो. वासही कुबट येतो. मग वरचं धुळीचं सील, त्याखाली तारेची कडी, आणि कडीखाली खरं ऑइल सील. काळ्या रबराची ही अंगठी. तिच्या आतल्या ओठामागं केसाएवढ्या तारेची गोल स्प्रिंग असते, आणि ती ओठाला नळीवर दाबून धरते. साऱ्या गाडीचा पुढचा तोल या ओठाच्या धारेवर अवलंबून. मिस्त्री क्रोमच्या नळीवरून नख फिरवतो. नख अडकलं तर तिथं गंजाचा दाणा आहे, आणि तो दाणा नवं सीलही महिन्या-दोन महिन्यांत कापणार. नळी जाड काचेवर लोळवून ती वाकलेली नाही ना, तेही बघतो. वाकलेली नळी प्रेसवर सरळ करून मिळते, पण एकदा क्रोमला केसासारखी चीर गेली की ती फिरून गंज धरते. पैसे असतील तर नळी नवीच घालावी. नवं सील बसवण्याचं खास हत्यार मिळतं, गेवराईत त्याच मापाचा पाइपचा तुकडा आणि हातोडी चालते. बसतंही नीट. हातोडीचे घाव गोलाकार पडले पाहिजेत, एवढंच.

सील जातं ते धक्क्यांनी नव्हे, मातीनं. पावसाळ्यात काळा चिखल मडगार्डमध्ये कोंबला जातो, नळीवर थर बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या गतिरोधकावर दबली की तो थर कानशीसारखा सीलवर घासतो. उपाय दहा सेकंदांचा आहे. गाडी काढण्याआधी ओल्या फडक्यानं दोन्ही नळ्या पुसायच्या. बजाजच्या सीटी ११० सारख्या गाडीला या नळ्यांवर रबरी भाता येतो, खेड्यातली माती डोळ्यांपुढं ठेवूनच. ज्यांच्या गाडीला तो नाही, ते ट्यूबचा तुकडा बांधतात. माझं मत विचाराल तर तो बांधू नये. खालून ओल चढते, ट्यूबखाली कोंडते आणि गंज दिसेनासा होतो.

आता सायकली. गेवराईतल्या सायकलच्या दुकानांत दहा वर्षांच्या पोराची नजर एकाच गोष्टीवर असते, "शॉकअपची सायकल". जाड टायर, डिस्क ब्रेक, भडक रंग, पुढं शॉकअप, कधी मधोमध दुसराही. बाप किंमत बघतो, पोरगं शॉकअप दाबून बघतं. अशा स्वस्तातल्या बहुतेक सायकलींच्या पुढच्या नळ्यांत असते स्प्रिंग, प्लास्टिकचे बुश आणि थोडं ग्रीस. तेल नाही. म्हणजे उसळी आहे, आवर नाही. वजन मात्र साध्या, बिनशॉकअपच्या चिमट्याच्या दुपटीच्या पुढं, आणि चढावर उभं राहून पॅडल मारलं की पायांची काही मेहनत नळी दाबण्यात जाते. दोन पावसाळ्यांत बुश झिजतात, पुढचा ब्रेक दाबून हँडल हलवलं तर नळ्या एकमेकींत डुलतात. अमेरिकेत अशा स्वस्त, नुसत्या दिसायला डोंगरी असलेल्या सायकलींवर "डोंगरवाटेवर चालवू नये" असा इशारा चिकटवलेला असतो. आपल्याकडं चिकटवतात ते सिंहाचं किंवा विजेचं चित्र.

भारी फोर्क घेतला म्हणजे कटकट मिटते, असंही नाही. रॉकशॉक्सच्या सूचनेप्रमाणे खालच्या नळ्या दर ५० तासांच्या वापरानंतर खोलून, साफ करून, ताजं तेल घालून पुन्हा जोडायच्या असतात. रोज शाळेत जायला-यायला मिळून एक तास धरला, तर दोन महिन्यांत एक सर्व्हिसिंग. म्हणून ज्यांना उंच डोंगर उतरायचे नाहीत, त्यांच्यासाठी साधा चिमटाच खरा. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी मिळणाऱ्या सायकली बघा. उंच चाकं, पुढं झुकलेल्या टोकांचा साधा लोखंडी चिमटा. त्या टोकांच्या बाकातच थोडा लवचीकपणा असतो आणि उरलेलं काम टायरमधली हवा करते. गळायला तेल नाही, झिजायला बुश नाहीत. पोराची शॉकअपवाली सायकल अडगळीत पडते आणि बहिणीची साधी सायकल बारावीपर्यंत चालते, असं गेवराईतल्या बऱ्याच घरांत बघायला मिळेल.

मोटारसायकलच्या शॉकअपची खरी परीक्षा दसऱ्यानंतर असते. तालुक्यातले ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर निघतात. टोळीबरोबर मोटारसायकलीही जातात. तिथं त्या सडकेवर कमी आणि उसाच्या फडात जास्त चालतात: मागं वाढ्याच्या मोळ्या, पुढं टाकीवर लेकरू, मध्ये नवरा-बायको. निघायच्या आधीच्या पंधरवड्यात गॅरेजवाल्यांना जेवायला सवड नसते, आणि दर वर्षी तोच वाद होतो. "वीस-चाळीस टाका, घट्ट पायजे, वझं लई राहतंय," असं गिऱ्हाईक म्हणतं. वीस-चाळीस म्हणजे इंजिनाचं तेल, शॉकअपच्या तेलापेक्षा बरंच जाड. ते घातलं की गाडी दाबताना खरंच घट्ट लागते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण ओझं तेल उचलत नाही, स्प्रिंग उचलते. तेल फक्त वेग आवरतं. जाड तेलानं भरली गाडी बसायची तेवढी बसतेच, फक्त सावकाश बसते, आणि लागोपाठच्या खड्ड्यांत तिला परत वर यायलाही वेळ मिळत नाही. चौथ्या खड्ड्याला लोखंडावर लोखंड आपटतं. याला इलाज एक आहे. वरचं टोपण काढायचं, स्प्रिंगच्या डोक्यावर बोटभर जाडीचा वायसर किंवा पाइपचा तुकडा ठेवायचा आणि टोपण जोर लावून फिरवून बसवायचं. स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहते, गाडी उंच उभी राहते आणि बसायला जागा उरते. तेल कंपनी सांगते तेच ठेवायचं.

जुने मिस्त्री हे करतात, पण गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. वायसर ठेवला असं सांगितलं की "जुगाड केला" म्हणून तो पैसे कमी करतो. म्हणून बिलाच्या चिठ्ठीवर दोन ऑइल सील, तेल आणि मजुरी एवढंच असतं. गाडी दाबून बघितली की गिऱ्हाइकाची खात्री पटते, वीस-चाळीसच टाकलंय.