जांघेतले अवधाण काय सांगते?

बाभळीचा काटा पायात मोडला आणि कामाच्या घाईत तसाच राहिला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होते ते तुम्हांला सांगायला नको. टाच ठणकू लागते, जागा लाल होते, हाताला गरम लागते, पू धरतो आणि जांघेत गाठ येते. घरातली म्हातारी माणसे लगेच म्हणतात, "अवधाण आलंय, पायाला कुठं लागलंय का बघ." जखम पायाला आणि गाठ जांघेत, हा संबंध आपल्या वाडवडिलांनी अगदी बरोबर ओळखला होता. फक्त ही गाठ आणि हा पू आपण रोगात जमा करतो, तिथे चुकते. ती रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी चालवलेली राखण आहे.

रक्त तांबडे दिसते ते तांबड्या पेशींमुळे. मोहरीच्या दाण्याहून लहान अशा एक घन मिलीमीटर रक्तात त्या ४५ ते ५० लाख असतात. तेवढ्याच रक्तात पांढऱ्या पेशी मोठ्या माणसाच्या अंगात ४ हजार ते ११ हजार. म्हणजे सहाशे-सातशे मजुरांमागे एक राखणदार, असा साधारण हिशेब पडतो. त्यांच्या जाती पुष्कळ. सर्वांत अधिक असते ती न्यूट्रोफिल नावाची जात. हाडांतल्या मगजात तिच्या रोज सुमारे १० हजार कोटी नव्या पेशी तयार होतात, आणि त्या जगतात काही तास किंवा फार तर थोडे दिवस.

या पेशी नेमके काय करतात, हे उमगले तेही एका काट्यामुळेच. १८८२ साली इल्या मेचनिकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ इटलीतल्या मेसिना या बंदराच्या गावी राहत होता. समुद्रातल्या तारामाशाची पिल्ले काचेसारखी आरपार दिसतात. त्याने बागेतले गुलाबाचे काटे आणून अशा पिल्लांच्या कातडीखाली टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहतो, तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्या वस्तूला घेरायचे आणि जंतूला गिळून टाकायचे, हे या पेशींचे काम असले पाहिजे, असे त्याने मांडले. पुष्कळांनी त्याला विरोध केला. पण १९०८ साली पॉल एर्लिक याच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

तुमच्या टाचेतही हेच घडते. काट्यासोबत जंतू आत गेले, की त्या जागी रक्ताचा ओघ वाढतो. म्हणून ती लाल आणि गरम होते. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून पांढऱ्या पेशी अंग चोरून बाहेर पडतात आणि जंतू गिळू लागतात. या झटापटीत त्याही मरतात. मेलेल्या पेशी, जंतू आणि पाणी मिळून जे साचते तोच पू. गाईला दगडी झाली की दुधात गुठळ्या येतात, त्यांतही बऱ्याच अंशी याच पेशी असतात. काही जंतू निसटून पुढे जातात. त्यांना अडवायला जांघेत, काखेत, मानेत रसग्रंथींची नाकी आहेत. तिथल्या पेशी झपाट्याने वाढतात, म्हणून गाठ फुगते.

तेव्हा अवधाण आले म्हणून घाबरू नका; पायातला काटा शोधा. जखम साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवा. गळू पिळू नका, पिळल्याने पू आतही पसरतो. शेण, माती, तंबाखू यांपैकी काही जखमेवर लावणे म्हणजे राखणदारांवर दुसरी धाड घालणे. जखमेपासून वर लाल रेघ चढत असेल किंवा थंडी वाजून ताप आला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि कुठेही लागलेले नसताना आलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, तर तीही दाखवा. क्षयात किंवा कर्करोगातही गाठी येतात.

काही पांढऱ्या पेशी एकदा भेटलेला जंतू लक्षात ठेवतात. लस देऊन आपण त्यांना हेच शिकवतो. धनुर्वाताची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचे विष इतके जहाल, की जीव घेण्याइतके विषसुद्धा पेशींना ओळख पटायला अपुरे पडते. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते.

आता एका गैरसमजाबद्दल. डेंग्यूच्या दिवसांत गावोगाव ऐकू येते, "पांढऱ्या पेशी वीस हजारांवर आल्या." पांढऱ्या पेशी २० हजार असतील तर त्या कमी नव्हेत, वाढलेल्या आहेत! बोलणाऱ्याला म्हणायचे असते प्लेटलेट. त्या रक्त गोठवणाऱ्या निराळ्याच कणिका, आणि निरोगी माणसात दीड लाखाच्या वर असतात. डेंग्यूत दोन्ही घटतात, म्हणून गल्लत होते. डॉक्टरांना फोनवरून आकडा सांगताना कागदावरचे नाव नीट वाचून सांगा.

सर्वांत जपायचे ते साखरेच्या रोग्यांनी. रक्तातली साखर सतत वाढलेली असली, की पांढऱ्या पेशी मंदावतात. त्यात पायाची जाणीव गेलेली, त्यामुळे काटा रुतलेला कळतच नाही आणि जखम आतून सडत जाते. शेवटी बोट किंवा पाय कापण्याची पाळी येते. घरात असे कोणी असेल तर अनवाणी शेतात जाऊ देऊ नका. रोज संध्याकाळी तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा; वाकता येत नसेल तर तळव्याखाली आरसा धरावा. पाय शेकायचे पाणी त्यांच्या पायाने अजमावू नका, आधी दुसऱ्या कोणी त्यात हात घालून पाहावा.