जळलेल्या सॉकेटाचें निदान

भिंतीवरील सॉकेट काळवंडलें, म्हणजे ‘वीज जास्त आली’ असें म्हणून नवें बसविण्याचा घरोघर प्रघात आहे. परंतु निदानावांचून चिकित्सा व्यर्थ होय. बहुधा दोष विजेचा नसून सैल सांध्याचा असतो.

जूल यांनीं 1841 सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें उष्णता ही रोधाच्या व प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. 230 व्होल्टांवर 2000 वॅटचा गीझर सुमारें 8.7 अँपिअर प्रवाह घेतो. सांध्यांत अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला, तर त्या एका बिंदूवर सुमारें 38 वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह मात्र वाढलेला नसतो. म्हणून फ्यूज वितळत नाहीं, एम.सी.बी. पडत नाहीं, आणि घर निःशंक राहतें. खरें भय हेंच.

मेन स्विच बंद करून जाणत्या वायरमनकडून सॉकेट उघडवावें व डाग कोठें आहे तें पाहावें. एकाच पिनच्या छिद्राशीं असल्यास आंतील पकड ढिली. मागील स्क्रूशीं असल्यास तार सैल. तारेचें आवरण दूरवर कडक झालें असल्यास तार बारीक. गीझर 6 अँपिअरच्या सॉकेटावर असेल, तर जाड तारेसह 16 अँपिअरचें बसवावें. जळका प्लगही बदलावा. एरव्हीं तो नव्या सॉकेटासही जाळील.

प्लग हातास ऊन लागला, कीं तीच पूर्वसूचना समजावी. काळ्या डागाची वाट पाहूं नये.