बाजूच्या दाराचे गणित

पदविका पूर्ण करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणारा विद्यार्थी महाराष्ट्राला नवा नाही. गुणवत्ता यादी लागते, गेल्या वर्षीचा ‘कट-ऑफ’ पाहिला जातो आणि आपली टक्केवारी त्याच्याशी ताडून पुण्यातले महाविद्यालय मिळेल की अवसरीला जावे लागेल, याचा बऱ्यापैकी नेमका अंदाज घरबसल्या बांधता येतो. अमेरिकेतील एका महाविद्यालयातून दुसऱ्या, अधिक नामांकित विद्यापीठात जाऊ पाहणारे विद्यार्थी असेच गणित मांडतात. जीपीए ३.८, दोन विद्यार्थी मंडळांचे काम, उन्हाळ्यातली एक नोकरी. तर मला कोठे प्रवेश मिळेल? अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या महिन्यांत हा प्रश्न मित्रांना, वरच्या वर्गातील मुलांना, समुपदेशकांना आणि अनोळखी माणसांनाही विचारला जातो. उत्तरे भरपूर मिळतात. त्यांपैकी बहुतेक निरुपयोगी का असतात, हे पाहण्यासारखे आहे. कारण या उत्तरांच्या भरवशावर कुटुंबे दोन-दोन वर्षांचे आणि लाखो रुपयांचे निर्णय घेत असतात.

अशा प्रवेशाला तेथे ‘ट्रान्स्फर’ म्हणतात. हा मागच्या दाराचा प्रकार नव्हे. बराक ओबामा १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल महाविद्यालयातून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते याच वाटेने. परंतु ही वाट किती रुंद आहे, हे सर्वस्वी विद्यापीठावर अवलंबून असते, आणि अंदाजाची पहिली चूक येथेच होते.

पहिल्या वर्षाचा वर्ग किती मोठा असावा, हे विद्यापीठ स्वतः ठरवते. ट्रान्स्फरच्या जागा मात्र प्रामुख्याने आधीचे विद्यार्थी सोडून गेले तरच निर्माण होतात. हार्वर्ड किंवा प्रिन्स्टन मध्येच सोडणारे विद्यार्थी जवळपास नसतातच. त्यात या विद्यापीठांचे वसतिगृह हा शिक्षणाचाच भाग मानला जातो; खाट नाही तर प्रवेशही नाही. हार्वर्डने २००८ मध्ये वसतिगृहातील जागेच्या टंचाईमुळे असे प्रवेश दोन वर्षांसाठी चक्क बंद ठेवले होते. प्रिन्स्टनने तर १९९० नंतर ही प्रथाच थांबवली होती. ती २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा १,४२९ अर्ज आले आणि प्रवेश देऊ केले गेले १३ जणांना. म्हणजे शंभरात एकालाही नाही. शिवाय हा दरवाजा उघडताना विद्यापीठाने आपला हेतू सांगून टाकला होता : सैन्यातून आलेले, कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकलेले, कमी उत्पन्न गटातील विद्यार्थी त्यांना हवे होते. एखाद्या चांगल्या विद्यापीठात रुळलेला आणि केवळ अधिक मोठे नाव हवे असलेला विद्यार्थी या हिशेबात बसत नाही; मग त्याचा जीपीए पूर्ण ४ असला तरी. येथे कट-ऑफ नाही. गुणांनी अर्ज वाचण्याजोगा ठरतो, इतकेच.

याच्या नेमके उलट चित्र कॅलिफोर्नियात दिसते, आणि अंदाज बांधणे जेथे खरोखर शक्य आहे असे हे मोठे उदाहरण असल्याने ते थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे.

क्लार्क केर हे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे अध्यक्ष असताना, १९६० साली, त्या राज्याने उच्च शिक्षणाचा ‘मास्टर प्लॅन’ स्वीकारला. शाळा संपवणाऱ्या मुलांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांसाठी स्टेट युनिव्हर्सिटी आणि उरलेल्या सर्वांसाठी कम्युनिटी कॉलेजे, अशी ती उतरंड होती. ती एरवी निष्ठुर वाटली असती. पण दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजमध्ये काढून तिसऱ्या वर्षाला वर चढण्याची शिडी योजनेतच ठेवलेली होती. राज्यातील दोन नव्या विद्यार्थ्यांमागे एक ट्रान्स्फर विद्यार्थी घ्यावा, हे विद्यापीठाचे आजही उद्दिष्ट आहे. राज्यात अशी ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि विद्यापीठाच्या पदवी शिक्षण देणाऱ्या नऊ शाखांपैकी सहा शाखा ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या त्या सहा. हमी एकाच शाखेकडे मागता येते आणि त्यासाठीचा अर्ज सप्टेंबरमध्येच करावा लागतो. बर्कली, यूसीएलए आणि सॅन दिएगो हमी देत नाहीत.

तरीही यूसीएलएचे आकडे बोलके आहेत. पहिल्या वर्षासाठी अर्ज करणाऱ्यांपैकी सुमारे नऊ टक्क्यांना तेथे प्रवेश मिळतो, तर ट्रान्स्फर अर्जदारांपैकी सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थ्यांना. यातील बहुसंख्य कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांमधून आलेले असतात. येथे शाळेतले गुण पाहिले जात नाहीत, प्रवेश परीक्षा नाही, शिफारसपत्रे नाहीत. पाहिले जातात ते महाविद्यालयातील गुण, मुख्य विषयासाठी आधी पूर्ण करावयाचे अभ्यासक्रम आणि चार छोटी टिपणे. कोणत्या कॉलेजातील कोणता अभ्यासक्रम कोणत्या शाखेत ग्राह्य धरला जातो, याची यादी ‘असिस्ट’ नावाच्या संकेतस्थळावर जाहीर असते. विद्यापीठ विषयवार प्रवेशाचे प्रमाण आणि प्रवेश मिळालेल्यांच्या जीपीएची मधली पट्टीही प्रसिद्ध करते. याहून अधिक पारदर्शकता कोणी मागावी?

आणि येथेच दुसरी चूक होते. विद्यार्थी विद्यापीठाची सरासरी पाहतो, विषयाची नाही. इतिहासाला अर्ज करणारा आणि संगणकशास्त्राला अर्ज करणारा हे एकाच रांगेत उभे नसतात. संगणकशास्त्रात यूसीएलए किंवा बर्कलीचे प्रमाण त्या एक चतुर्थांशाच्या जवळपासही फिरकत नाही, तेथे ३.९ जीपीए असलेली मुलेही नाकारली जातात. उलट, आधीच्या अभ्यासक्रमांपैकी गणिताचा एखादा विषय राहून गेला असेल तर ४ जीपीएचाही उपयोग होत नाही. आपल्याकडील पालक गुणांकडे एकाग्रतेने पाहतात आणि ‘कोणते विषय पूर्ण झाले’ हा रुक्ष प्रश्न विसरतात, असे या लेखकाचे निरीक्षण आहे.

तिसरी चूक अधिक फसवी आहे, कारण ती गणिताच्या वेशात येते. दहा विद्यापीठांना अर्ज करायचा, प्रत्येकी शक्यता पाच टक्के. म्हणजे किमान एके ठिकाणी मिळण्याची शक्यता चाळीस टक्के, असा हिशेब मांडला जातो. आकडेमोड बरोबर आहे. पण ती दहा निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच लागू पडते, आणि ते तसे नसतात. अर्ज एकच, गुणपत्रिका एकच, ‘मला विद्यापीठ का बदलायचे आहे’ हा निबंधही बहुधा एकच. तो निबंध एका समितीला पोकळ वाटला, तर उरलेल्या नऊ समित्यांनाही तो तसाच वाटण्याची शक्यता दाट. खेरीज पाच टक्के ही सर्व अर्जदारांची सरासरी असते. एखाद्या विशिष्ट अर्जदाराची शक्यता वीस टक्के असू शकते किंवा जवळजवळ शून्य.

मग आधीच्या वर्षी कोणाला मिळाले, यावरून अंदाज का बांधू नये? कारण ज्याला मिळाले तो सांगत सुटतो आणि ज्याला मिळाले नाही तो विषय बदलतो. कानावर येणारी उदाहरणे अशी गाळून आलेली असतात. त्यापेक्षा अमेरिकेतील बहुतेक मोठी विद्यापीठे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात, तो पाहावा. त्याच्या ‘डी’ विभागात ट्रान्स्फरचे अर्ज किती आले, किती मंजूर झाले आणि प्रत्यक्ष किती विद्यार्थी दाखल झाले, हे तीन आकडे असतात. तीन-चार वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले की हे दार दरवर्षी उघडते की मनाला येईल तेव्हा, हे कळते. त्याच विभागात शाळेची गुणपत्रिका मागितली जाते की नाही, तेही लिहिलेले असते. दुसऱ्या वर्षात प्रवेश मागणाऱ्याच्या हाती महाविद्यालयाचे जेमतेम एक सत्र असते. साहजिकच समिती त्याच्या शाळेकडे वळून पाहते. तिसऱ्या वर्षाला जाणाऱ्याच्या बाबतीत शाळा बरीच मागे पडते. बारावीला घसरलेल्या मुलासाठी हा फरक मोठा आहे.

मुंबई किंवा पुण्यात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला आणि तेथून थेट अमेरिकेत जाऊ पाहणारा विद्यार्थी मात्र वेगळ्याच रांगेत असतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तिसऱ्या वर्षासाठीच प्रामुख्याने ट्रान्स्फर घेते आणि प्राधान्य राज्यातील कम्युनिटी कॉलेजांना देते. चार वर्षांच्या विद्यापीठात फार पुढे गेलेला अर्जदार तर ‘जास्त शिकलेला’ म्हणून अपात्र ठरू शकतो. तिचे गरजेवर आधारित साहाय्य परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही, आणि बाहेरच्यांना जादा शुल्क पडते. अनेक खासगी विद्यापीठांतही परदेशी ट्रान्स्फर विद्यार्थ्याला आर्थिक साहाय्य हवे आहे की नाही, याचा निर्णयावर परिणाम होतो. त्याचा उल्लेख अंदाजात क्वचितच असतो.

क्युपर्टिनो, सनीव्हेल परिसरातील मराठी घरांत दी आन्झा या कम्युनिटी कॉलेजचे नाव अजूनही थोडे हळू आवाजात घेतले जाते, मूल पहिल्या प्रयत्नात कमी पडल्यासारखे. वस्तुतः हमीच्या अटी पाळणाऱ्यासाठी ती राज्यातील सर्वात अंदाज करता येण्याजोगी वाटांपैकी एक आहे. मात्र वाट आहे म्हणून सगळे पोहोचतात असेही नाही. देशभरातील कम्युनिटी कॉलेजांत येणाऱ्या सुमारे ऐंशी टक्के विद्यार्थ्यांना पदवी हवी असते. प्रत्यक्षात एक तृतीयांशाहून कमी विद्यार्थी चार वर्षांच्या संस्थेत जातात आणि सहा वर्षांत पदवी घेतात ते सुमारे १६ टक्के.

प्रवेश मिळाल्यावरही एक हिशेब उरतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालानुसार संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेली होती. अर्थात तो सरासरी आकडा आहे. ठरलेल्या करारांच्या वाटेने जाणाऱ्यांचे नुकसान कमी होते, तर एका खासगी संस्थेतून दुसरीकडे उडी मारणाऱ्यांचे बरेच अधिक होऊ शकते. वाया गेलेले एक सत्र म्हणजे एका सत्राचे शुल्क, घरभाडे आणि विद्यार्थी व्हिसावर असल्यास नव्या विद्यापीठाची आय-२० व सेव्हिस नोंदीचे हस्तांतर यांची वेळेत लागणारी सांगड. त्यामुळे प्रवेशपत्र हाती आल्यावर होकार कळवण्यापूर्वी, आपली कोणती क्रेडिट्स मुख्य विषयासाठी आणि कोणती नुसती ‘ऐच्छिक’ म्हणून धरली जाणार, हे विद्यापीठाकडून लेखी मागून घ्यावे.