अप्पांची नोंद कुठे करायची?

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पापनाशम लागतं. नायक काळातलं विटांचं धान्यकोठार, एकशे आठ शिवलिंगांचं देऊळ आणि भोवती कावेरीच्या पाण्यावरची भातशेती. पण गावाचं नाव दूरवर गेलं ते एका गवयामुळे, आणि तो गवई जन्मानं इथला नव्हताच. पोलगमचा रामय्या, जन्म १८९०. अंगभर विभूती फासून भजनं गात हिंडणाऱ्या या तरुणाला लोक ‘शिवन’ म्हणू लागले, असं सांगतात. पुढे गावाचं नाव त्याला चिकटलं, आणि कर्नाटक संगीताला पापनाशम शिवन मिळाले.

ऑनलाइन ज्ञानकोशात शिवन यांच्यावर लेख असावा का, हा प्रश्न आज कोणी विचारणार नाही. १९३४ पासून छापील कीर्तनसंग्रह आहेत. तमिळ चित्रपटांसाठी लिहिलेली गाणी आहेत, त्यात १९४४ चा ‘हरिदास’ आहे, जो मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात तीन दिवाळ्या चालला. १९७१ ला संगीत कलानिधी, १९७२ ला पद्मभूषण. संदर्भांना तोटा नाही. पण याच माणसाची पारख १९२० साली करायची असती तर? तेव्हा तिशीतला हा माणूस मंदिराच्या रस्त्यांवरून भजन करत जायचा. पुस्तक नाही, ध्वनिमुद्रिका नाही, किताब नाही. त्या दिवसांतल्या कुठल्याही दक्ष संपादकानं त्याचं पान काढून टाकलं असतं, आणि नियमानं पाहिलं तर ते बरोबरच ठरलं असतं.

गवयांपैकी कोणाला कोशात घ्यायचं, हा वाद इंटरनेटच्या आधीपासूनचा आहे. १९०४ साली एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा तेलुगू ग्रंथ छापून झाला. त्यात ७७ वाग्गेयकारांची चरित्रं आहेत. त्याच वर्षी विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेत हिंडत होते आणि दीक्षितांना भेटलेही. दीक्षितांची कसोटी या चरित्रविभागाच्या नावातच सांगून टाकलेली होती: वाग्गेयकार, म्हणजे ज्यानं पद रचलं आणि त्याला चाल दिली तो. रचना म्हणजे कागद, आणि कागद असला की चरित्र लिहिता येतं. साथीला बसणारा माणूस या कसोटीच्या बाहेरच राहिला. १९१७ साली तंजावरच्या अब्राहम पंडितरांनी ‘करुणामृत सागरम्’मध्ये अगोदरच्या काळातल्या कलावंतांची लांबलचक यादी दिली, तेव्हा जाळं जरा मोठं झालं.

मग आले प्रा. पी. सांबमूर्ती. दक्षिणी संगीत आणि संगीतकारांचा त्यांचा इंग्रजी कोश १९५२ मध्ये सुरू झाला, दुसरा खंड १९५९ ला, तिसरा १९७१ ला. १९७३ मध्ये सांबमूर्ती गेले, तेव्हा कोश इंग्रजी वर्णमालेत ‘एन’पर्यंत पोचला होता. ‘पी’, ‘एस’ आणि ‘टी’वाल्यांनी थांबायचं. आपल्याकडच्या कोशकारांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, आणि शेवटचा येईपर्यंत एक पिढी म्हातारी झाली. आता वर्णमालेची रांग नाही, कागदाची टंचाई नाही, छापखान्याचा खर्चही नाही. तरी ‘याला घ्यायचं का?’ हा प्रश्न गेलेला नाही. उलट जागा अमर्याद झाल्यामुळे तो जास्त बोचरा झाला आहे, कारण नकार द्यायला पानांचं कारण पुढे करता येत नाही.

मराठी वाचकाला या प्रश्नाशी काय देणंघेणं? तंजावरचे मराठे. १६७६ पासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती, आणि त्या दरबारात मराठी गाणारे, वाजवणारे, कीर्तनकार येऊन राहिले. मृदंगाची जी तंजावर शैली म्हणून ओळखली जाते, तिच्या मुळाशी नारायणस्वामी अप्पांचं नाव घेतात. हे अप्पा तिथलेच मराठी. मृदंगाच्या या वादनामागे मराठी भजनाची साथ होती, असंही जाणकार सांगतात. पण अप्पांनी काय मागे ठेवलं? बोल. ते शिष्याच्या हातात गेले, त्याच्या शिष्याच्या हातात गेले, आणि वाटेत कोणी ते अप्पांच्या नावानिशी लिहून ठेवले नाहीत. तालवाद्यावर मैफलीतल्या माणसाची मुद्रा उमटत नाही. पदाच्या शेवटच्या ओळीत नाव गुंफायची सोय वाग्गेयकाराला असते, मृदंगवाल्याला नाही. मद्रासच्या संगीत अकादमीनं संगीत कलानिधी हा किताब मृदंगवादकाला प्रथम दिला तो १९६६ मध्ये, पालघाट मणी अय्यरांना. अकादमी १९२८ पासून आहे. हिशेब तुम्हीच करा.

मेरुस्वामींचंही तसंच. तंजावरचे हे मराठी गोस्वामी पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी गेले. ‘कोकिलकंठ’ ही त्यांची पदवी. महाराजांवर ग्रंथ निघाले, त्यांच्या रचना गायल्या जातात. मेरुस्वामी बहुतेक वेळा महाराजांच्या चरित्रात भेटतात. मोरगावकर रामचंद्रबुवांनी तंजावरला मराठी कीर्तनाचा वाण नेला, तंजावर कृष्ण भागवतरांनी तो उचलला आणि त्यातून तमिळ हरिकथेचा नवा घाट तयार झाला. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे सगळं आजही तमिळ हरिकथेत ऐकायला येतं. भागवतरांवर लिहिलेलं सापडतं. बुवांवर लिहायचं तर ते भागवतरांच्या सावलीत उभे असतात.

पापनाशम तालुक्यातल्या मेलट्टूरला तर हा प्रश्न आणखी गमतीदार होतो. नरसिंह जयंतीच्या रात्री तिथे भागवत मेळा होतो, मेलट्टूर वेंकटराम शास्त्रींची तेलुगू नाटकं. प्रह्लादचरित्रात नरसिंहाचा मुखवटा देवघरातल्या मूर्तीच्या मानानं पुजला जातो. तो घालणारा माणूस पिढीजात असतो, उपास करतो, आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. नाटकावर लेख होतो, शास्त्रींवर होतो. मुखवटा घालणाऱ्यावर? त्याला कोणी मानधनाचं बिल देत नाही, त्याच्यावर कोणी परीक्षण लिहीत नाही.

इंग्रजी विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला, मराठी २००३ च्या मे महिन्यात. नियम साधा: विषयाशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह ठिकाणी त्याच्याबद्दल सविस्तर लिहिलेलं असलं पाहिजे. मराठीत याला ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. लेख आधी धूळपाटीवर घडवायचा, शंका आली की चर्चापानावर बोलायचं, आणि पटलं नाही तर ‘पानकाढा’ साचा लागतो. संगीतकारांसाठी काही खास कसोट्या आहेत: राष्ट्रीय लोकप्रियता यादीत गाणं, सुवर्ण तबकडी, मोठ्या कंपनीचे दोन तरी अल्बम. या कसोट्या ज्या बाजारात घडल्या, त्यात देवळाच्या दारी वाजवणारा कधी नव्हताच. त्यामुळे त्याचं सगळं ओझं पहिल्या, साध्या नियमावर येऊन पडतं.

समजा, अशा एखाद्या वादकाच्या घरच्यांनी कागदांची पिशवी आणली; तिच्यातून काय काय निघतं, ते पाहू. तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेची छापील पत्रिका: शेकडो नावांत त्याचं नाव, काही मिनिटांची वेळ. ही हजेरी झाली, लेखन नव्हे. आकाशवाणीचा श्रेणी कळवणारा कागद: यात त्याच्या कलेची निःपक्ष परीक्षा झाली, म्हणून मोल आहे, पण त्याच्याबद्दल एक वाक्य लिहायला तो पुरत नाही. शिष्यानं एका स्मरणिकेत लिहिलेला गौरवलेख: भरपूर माहिती, पण शिष्य तटस्थ नाही. वर्तमानपत्राच्या ‘आजचे कार्यक्रम’ सदरातलं कात्रण: तिथे फक्त वेळ आणि स्थळ. शेवटी तळाशी एका संगीत समीक्षकानं मैफलीवर लिहिलेलं परीक्षण, ज्यात साथीदारावर अर्धा परिच्छेद आहे. सगळ्या पिशवीत हाच एक कागद कामाचा. असे दोन-तीन असते तर लेख उभा राहिला असता. हा एकच आहे, म्हणून लेख अजून नाही.

हे कठोर वाटतं, पण कठोरपणानं चूकही होते, हे जगाला २०१८ मध्ये दिसलं. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा लेख त्या वर्षी मे महिन्यात नाकारला गेला होता, पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून. ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यावर खूप आरडाओरड झाली, पण लेख नाकारणाऱ्यानं एक गोष्ट तरी खरी सांगितली होती: तोवर त्यांच्याबद्दल बाहेर कोणी फारसं लिहिलेलंच नव्हतं. दोष आधी तिथे.

तोंडी ज्ञानाला संदर्भ मानता येईल का, याचा प्रयोग २०११ मध्ये अचल प्रभाला यांनी विकिमीडियाच्या पाठिंब्यानं केला. भारत आणि दक्षिण आफ्रिकेत गावखेळांसारख्या गोष्टी जाणत्या माणसांकडून ध्वनिमुद्रित करून घेतल्या. कल्पना चांगली होती. नियम मात्र तसाच राहिला. माझ्या मते तो तसाच राहावा. दार सैल केलं तर पहिले आत शिरतात ते वर्गणीचे पुरस्कार घेतलेले आणि स्वतःचं चरित्र स्वतःच लिहिणारे. अप्पांसारख्यांचं त्यात काही भलं होत नाही.

भलं होतं ते लेखाआधीच्या कामानं. तंजावर दरबाराचे मोडी कागद तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, तमिळ विद्यापीठानं त्यांचे तमिळ अनुवाद खंडरूपात काढले आहेत, आणि त्यांत वेतन घेणाऱ्या गवय-वाजंत्र्यांची नावं येतात. मोडी वाचता येणारे आपल्याकडे अजून आहेत. मराठी नाट्येतिहासाचा आरंभ सांगलीच्या १८४३ च्या ‘सीता स्वयंवरा’वर थांबला नाही, कारण तंजावरच्या शहाजीराजांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हस्तलिखितातून वर आलं. संगीताचं तसं काम अर्धवट पडलं आहे.

तेव्हा तंजावर, कुंभकोणम, पापनाशम भागात ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना एवढंच सांगणं: घरातल्या वयस्क वादकाला बसवा, कोणाकडे शिकले, कुठे वाजवलं, कोणाला साथ केली हे तारखांसह विचारा, त्याच्या कुटुंबाबाहेरच्या जाणकाराकडून एक सविस्तर लेख लिहून घ्या आणि तो एखाद्या दिवाळी अंकात किंवा संगीतविषयक नियतकालिकात छापून आणा. ज्ञानकोशातला लेख त्यानंतर मागा.