चवथीआधीची लाकडी जमीन

आषाढ सरत आला की गोमंतकात घरोघरी चवथीची लगबग सुरू होते. भिंतींना रंग आणि दारांना पॉलिश हे ठरलेलेच. अलीकडे शहरांतील सदनिकांमध्ये त्यात लाकडी जमिनीची भर पडू लागली आहे. कारखान्यात घडवलेल्या, कडेला कडा ठोकून बसवावयाच्या फळ्या. या हौसेस नाके मुरडण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. आमचा आक्षेप आहे तो ज्या घाईने त्या अंथरल्या जातात तिला.

वस्तू म्हणून ही फळी शहाणी आहे. प्लायवूडचे उभे-आडवे थर आणि वर अस्सल लाकडाचा काही मिलिमीटर जाडीचा पदर. यामुळे अखंड फळीपेक्षा ती कमी फुगते आणि कमी वळते. एका कडेस जीभ, दुसरीस खाच. सरसाविना अडकणारा असा सांधा स्वीडन व बेल्जियममधील कारखान्यांनी १९९६-९७ च्या सुमारास, प्रथम लॅमिनेटच्या फळ्यांसाठी, बाजारात आणला. सांध्याचे अवघड काम यंत्राने आधीच केलेले असल्याने उरलेल्या कामास विजेचे एकही हत्यार लागत नाही. हातोडा, ठोकळा, गुण्या, पाचरी आणि बारीक दातांची करवत पुरते. मात्र हातोडा थेट फळीवर मारू नये. मध्ये ठोकळा धरून हलके ठोके द्यावेत, नाहीतर जीभ चेचते आणि पुढची ओळ बसत नाही. भिंतीलगतच्या शेवटच्या ओळीस दोन्ही टोके उलट वाकवलेली लोखंडी पट्टी लावून ती ओढून घ्यावी लागते. दाराच्या चौकटीपाशी तर जाणता सुतार फळी कोरीतच नाही. फळीचा एक तुकडा जमिनीवर ठेवून त्यावर करवत आडवी धरतो, चौकटीचाच तळ तेवढा कापतो आणि फळी खाली सरकवतो. हे पाहण्यासारखे काम आहे!

चुकते ते पुढे. भिंतीपासून चारी बाजूंनी सुमारे १० मिलिमीटर फट सोडावी लागते. ती स्कर्टिंगखाली झाकली जात असल्याने कोणी पाहत नाही, आणि मजुरी चौरस फुटावर मोजली जात असल्याने पाचरी लावीत बसण्याची उसंत कोणास नसते. उन्हाळ्यात भिंतीस भिडवलेली जमीन मग जुलैच्या दमट हवेत फुगते आणि खोलीच्या मधोमध उचलली जाते. घरमालक लाकडास दोष देतो, दुकानदार पावसास.

आपल्या जुन्या घरांतील माडीच्या फळ्या पिढ्यान् पिढ्या टिकल्या, कारण त्या तुळयांवर होत्या आणि खालून वारा खेळत होता. आजची फळी काँक्रीटवर निजते. सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात खालची ओल तपासल्याविना तिला हात लावू नये. प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर चारी कडांनी चिकटवून दिवसभर ठेवला आणि आत दव धरले, तर काम थांबवावे. इतकी ही परीक्षा सोपी आहे. फळ्यांची खोकी त्याच खोलीत निदान ४८ तास आडवी ठेवावीत. तरीही श्रावणात समपातळीसाठी ओतलेले सिमेंट लवकर वाळत नाही, आणि पावसाळी हवेत फुगलेली फळी पौषात आकसून सांधे उघडते. म्हणजे चवथीचा मुहूर्त या कामास सर्वांत वाईट!

देवघर व स्वयंपाकघर येथे तर लादीच बरी. जेथे अभिषेकाचे पाणी सांडते आणि ओले पोतेरे रोज फिरते, तेथे हा सांधा टिकणार नाही.

सुतारकाम जेथे जेथे शिकवले जाते, तेथे या फळ्यांचे काम हातहत्यारांनी करून दाखवावे आणि फटीचे कारणही समजावून द्यावे, अशी आमची सूचना आहे. घरमालकांनीही स्कर्टिंग ठोकण्यापूर्वी ती फट स्वतः पाहावी व मगच पैसे चुकते करावेत. यंदाची चवथ जुन्याच लादीवर साजरी करून, कार्तिकात हवा कोरडी होऊ लागली म्हणजे फळ्या मागवाव्यात.