शंभर एमबीपीएसची लाईन, तरी कॉलवर आवाज का तुटतो?

घरात चांगलं नेट आहे, प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. तरीही कुणी फोटोंचा बॅकअप सुरू केला की तुमचा इंटरनेटवरचा कॉल अडखळायला लागतो. "हॅलो, आवाज तुटतोय" असं चार वेळा म्हणून झालं की आपण ठरवून टाकतो, नेट कमी पडतंय, मोठा प्लॅन घ्यायला हवा. पैसे भरण्याआधी जरा थांबा. आपण एक छोटा हिशेब करून बघू.

टेलिफोनच्या दर्जाचा आवाज जी.७११ या जुन्या पद्धतीने पाठवायचा तर सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. या आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट. प्रत्येक पॅकेटात १६० बाइट आवाज असतो आणि वर पत्ता, क्रमांक वगैरे लिहिलेले ४० बाइट. २०० बाइट गुणिले ५०, म्हणजे सेकंदाला ८० किलोबिट. तुमच्या लाईनचा हा हजारावा हिस्सासुद्धा नाही! ओपससारखे नवे कोडेक तर याहून कमीत भागवतात.

म्हणजे कॉलला जागा पुरते. त्याला हवा असतो वक्तशीरपणा. आयटीयू या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीनुसार, बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंतचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर संभाषण सहज वाटतं. फाइल अर्धा सेकंद उशिरा आली तर कुणाला कळतही नाही. पण आवाजाचं पॅकेट उशिरा आलं तर ते फेकूनच द्यावं लागतं, कारण त्याची वेळ निघून गेलेली असते.

मग उशीर होतो कुठे? बहुतेकदा तुमच्या राउटरमध्ये किंवा मोडेममध्ये. पॅकेट येण्याचा वेग बाहेर जाण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की ती बफरमध्ये रांगेत उभी राहतात. समजा, तुमचा अपलोडचा वेग १० एमबीपीएस आहे आणि बफर १ मेगाबाइटचा. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. भरलेला बफर रिकामा व्हायला ०.८ सेकंद, म्हणजे ८०० मिलिसेकंद लागणार. शेवटी उभ्या राहिलेल्या आवाजाच्या पॅकेटाचं काय होणार, ते सांगायला नको.

आता तुम्ही विचाराल, बफर एवढा भरतोच का? कारण फाइल पाठवणारा टीसीपी सहसा पॅकेट हरवेपर्यंत वेग वाढवत राहतो. पॅकेट हरवलं की त्याला कळतं, पुढे गर्दी आहे. बफर मोठा असेल तर पॅकेट हरवतच नाही आणि टीसीपी खुशाल भरत राहतो. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव दिलं.

यावरचा एक सुंदर उपाय कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडला. त्याचं नाव कोडेल. रांग किती लांब आहे हे तो बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघतो. क्षणभराची गर्दी त्याला चालते. पण १०० मिलिसेकंदांच्या काळात ही प्रतीक्षा एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आली नाही, तर तो एखादं पॅकेट मुद्दाम टाकून देतो. टीसीपी इशारा समजतो आणि वेग कमी करतो.

याचाच पुढचा अवतार म्हणजे एफक्यू-कोडेल. किराणा दुकानात कुणी महिन्याची यादी घेऊन उभा असतो आणि तुम्हाला फक्त काडेपेटी हवी असते. शहाणा दुकानदार आधी तुम्हाला मोकळं करतो, यादीवाल्याचं त्यात काही बिघडत नाही. एफक्यू-कोडेल तसंच करतो. प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवतो आणि थोडी थोडी पॅकेट पाठवणाऱ्याला पुढे काढतो. त्यामुळे हा कॉल आहे की बॅकअप, हे त्याला कुणी सांगावंही लागत नाही.

पॅकेटावर प्राधान्याचा शिक्का मारण्याची पद्धतही आहे. आवाजासाठी सहसा ४६ हा आकडा वापरतात. ऑफिसच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये तो कामाचा आहे. पण बाहेरच्या इंटरनेटवर तो शिक्का कुणी मानेलच असं नाही.

घरी करून बघा. एका खिडकीत पिंग चालू ठेवा आणि मोठी फाइल अपलोडला लावा. पिंग २० वरून ५०० वर गेला, तर रोग रांगेचा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम हा पर्याय असेल तर तो चालू करा आणि वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या साधारण ९० टक्के ठेवा. थोडा वेग मुद्दाम सोडायचा, कारण तेव्हाच रांग पुढच्या उपकरणात न साचता तुमच्या राउटरमध्ये, तुमच्या ताब्यात राहते. मग पिंग परत मोजा.

दोन भिंतींपलीकडचा वायफायचा क्षीण सिग्नल मात्र याने सुधारणार नाही. त्यासाठी राउटरची जागा बदला किंवा केबल लावा. पण बॅकअप चालू असतानाच कॉल बिघडत असेल, तर मोठ्या प्लॅनच्या आधी ही सेटिंग बघा. तिला पैसे पडत नाहीत.