विकत घेतलेली वस्तू कोणाची?

वाणिज्य शाखेत १९३० चा मालविक्रीचा कायदा शिकताना एक गोष्ट मनावर ठसते. सौदा पुरा झाला, मालकी घेणाऱ्याकडे गेली, की त्या मालाशी विकणाऱ्याचा संबंध बहुतेक संपला. खडेबाजारातून आणलेले शिलाई यंत्र रात्री आपल्या घरच्या गोष्टी कारखान्याला कळवीत नाही! इंटरनेटला जोडलेला कॅमेरा किंवा टी. व्ही. मात्र कळवू शकतो. वस्तू आपल्या भिंतीवर, तिच्या नाड्या कंपनीच्या हाती.

हे नुसते कल्पनेतले भय नव्हे. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीचे टी. व्ही. घरातली माणसे काय पाहतात याची नोंद त्यांच्या संमतीवाचून घेत, असा ठपका तेथील व्यापार आयोगाने ठेवला. २०१७ साली २२ लाख डॉलर भरून कंपनीने प्रकरण मिटविले. दारावरचे कॅमेरे विकणाऱ्या रिंग कंपनीचे नोकर ग्राहकांच्या घरातील खाजगी चित्रण पाहत, असा आरोप त्याच आयोगाने २०२३ मध्ये केला. रक्कम ठरली ५८ लाख डॉलर, आणि पुढल्या वर्षी तिच्यातून ग्राहकांना पैसे परत मिळाले.

आपल्याकडे काय? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितले. पाठोपाठ २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड! आकडा वाचून छाती दडपते. पण तो दंड जमा व्हायचा भारताच्या संचित निधीत. ज्याच्या घरचे चित्रण बाहेर गेले त्याच्या हाती त्यातली दमडीही नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३-अ हे भरपाईचे कलम वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. हिशेब शिकणाऱ्याला हे जमाखर्चाचे कोडे पटत नाही.

राहिला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. सदोष उत्पादनाने इजा किंवा नुकसान झाल्यास उत्पादक, विक्रेता, सेवा देणारा यांच्याकडे भरपाई मागता येते, मानसिक त्रासाचीही. तथापि दोष वस्तूत नसून तिच्या आत चालणाऱ्या आज्ञावलीत असला तर? ‘उत्पादना’च्या व्याख्येत घन, द्रव, वायू असे शब्द आहेत, आज्ञावलीचा उल्लेख नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या आपल्या निर्देशात तो स्पष्टपणे घातला.

आता संमतीविषयी. नवे यंत्र सुरू करताना इंग्रजी मजकुराचा लांबलचक पट येतो. आजी विचारते, “त्यात काय लिहिलंय रे?” आणि आपण न वाचताच बोट टेकवितो. नव्या कायद्यानुसार ही सूचना घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय कंपनीने द्यावयाची आहे. मराठी व कानडी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपन्यांना तयारीसाठी तेव्हापासून अठरा महिन्यांची मुदत दिली आहे.